सात नंबरची बाग

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या हेझलफर्डमध्ये बागा खुल्या असतात. एरवी ज्या फाटकातून पोस्टमन सोडून कुणी आत येत नाही, त्याच फाटकातून त्या दिवशी पिवळं तिकीट घेऊन अख्खं जग आत येतं. आमच्या गुलाबांकडे बघून मान डोलावतं, गोगलगायींनी खाल्लेली पानं बघून मनातल्या मनात खूश होतं, आणि केक खाऊन जातं. जमलेल्या पैशातून चर्चच्या छपराची डागडुजी होते. छप्पर गेली एकवीस वर्षं गळतंय, पण तो विषय काढायचा नसतो.

तिकिटांचं टेबल माझं. मी डॉरीन पेजेट. गावात पोस्ट होतं तोवर ते मीच चालवलं, त्यामुळे कुणाच्या घरी कुणाचं पत्र येतं हे मला माहीत असायचं आणि ते मी कधी कुणाला बोलले नाही. पाहुण्यांना द्यायचं माहितीपत्रकही मीच लिहिते. एका बाजूला बागांचे नंबर आणि नकाशा, दुसऱ्या बाजूला 'जवळपास काय पाहाल'. त्यात अजून पीठ दळणारी पाणचक्की, मठाचे अवशेष, वाफेची छोटी आगगाडी, आणि एक धबधबा. धबधब्याखाली मी लिहिते, 'ऑगस्टमध्ये पाणी नसतं, उगाच चढू नका.' समिती दरवर्षी ते वाक्य खोडते आणि मी दरवर्षी पुन्हा घालते. धबधब्याबद्दल खरं बोलायला मला कधी जड गेलं नाही.

गेल्या वर्षी बागांच्या आदल्या सोमवारी वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका वृद्धनिवासाकडून ईमेल आला. चौदा जण बसनं येणार. सकाळी पाणचक्की, मग मठ, जेवण, दुपारी बागा, साडेचारला परत. सोबत नावांची यादी होती, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दूध चालत नाही वगैरे. यादीतलं नववं नाव होतं डेस्मंड प्रॉथरो.

मी नवऱ्याला हाक मारली. "रॉय, डेस्मंड येतोय. बसमधून."

"आपला डेस्मंड?" रॉय हसायलाच लागला. "पन्नास वर्षं राहिला इथं. त्याला काय दाखवणार आहेत? मठ?"

मला हसू आलं नाही. मी तो कागद घडी करून एप्रनच्या खिशात टाकला आणि भांडी घासायला घेतली.

"अगं, मघापासून तोच कप घासतेयस," रॉय म्हणाला. "भोक पडेल त्याला."

रॉयला काहीच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तुम्हाला सांगते.

डेस्मंड आणि मेरिएल आमचे शेजारी. मधे फक्त एक हिरवं कुंपण. एकेचाळीस वर्षं त्या कुंपणावरून आम्ही अंडी, शिडी, औषधं आणि शिव्या यांची देवाणघेवाण केली. मेरिएल तोंडाची फटकळ. तिच्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात डॅमसनचं झाड होतं. डॅमसन म्हणजे काळंनिळं, बोराएवढं, इतकं आंबट फळ की कच्चं खाल्लं तर चेहरा वाकडा होतो, पण साखरेत शिजवलं की त्याच्यासारखा जॅम नाही. मेरिएलचा जॅम तर लडलोच्या बाजारात दहा वाजायच्या आत संपायचा. किती साखर घालते ते मी तिला एकेचाळीस वर्षं विचारलं. "अंदाजानं," एवढंच म्हणायची ती. गेली तीसुद्धा न सांगता.

ती गेली त्या मार्चमध्ये रॉयचा खुबा बदलायचा होता, तो हॉस्पिटलात होता. एका सकाळी डेस्मंडनं कुंपणावरून मला बोलावलं. त्याची मुलगी ग्वेन आली होती. दाहभूमीतून मेरिएलची राख प्लास्टिकच्या हिरव्या डब्यात मिळाली होती, आणि तो डबा डेस्मंडला पसंत नव्हता. "कीटकनाशकाच्या डब्यासारखा दिसतो," तो म्हणाला. म्हणून त्यानं ती राख मेरिएलच्या जॅमच्या पितळी पातेल्यात ओतून आणली होती. आम्ही तिघांनी झाडाखाली खड्डा केला. माझ्याच खुरप्यानं. डेस्मंडनं पातेलं उपडं केलं, तळाशी थोडी राहिली ती बोटानं पुसून घेतली, जॅम निपटून घेतात तशी, आणि मग त्याला एकदम काय करतोय ते कळलं आणि तो मटकन गवतात बसला. मला असं रडणारं माणूस त्याआधी दिसलं नव्हतं. आमच्याकडे रडायचं असलं तर लोक गॅरेजमध्ये जातात.

दोन वर्षांनी त्याचे गुडघे गेले. ग्वेननं घर विकायला लावलं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "डॉरीन, एक काम कर. नवे लोक आले की त्यांना झाडाचं सांग. लगेच नको, जरा ओळख झाल्यावर. झाड तेवढं राहू द्या म्हणावं."

"वकिलाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं, बागेत बायको आहे म्हणून? घाबरून पळाले असते. आणि हे बघ, पुढेमागे माझीही सोय तिथंच करायची आहे. मी फार जागा घेणार नाही."

"सांगते की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

नवे लोक आले, ह्यू आणि टॅमसिन. तिशीतले, हसरे, बर्मिंगहॅमच्या धकाधकीतून सुटून आलेले. त्यांच्यात मला काही खोट सापडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी मी लिंबाचा केक घेऊन गेले. सगळीकडे खोकी. टॅमसिननं एका खोक्यावर मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, हिरवा कचरा कुठल्या वारी आणि काळा कुठल्या वारी? मी सांगितलं. खालचा नळ हिवाळ्यात गोठतो तेही सांगितलं. झाडाचं सांगायला तोंड उघडलं, तर ह्यू आत आला आणि म्हणाला, "वा, केक!" केक खाणाऱ्या माणसाला कसं सांगणार?

ख्रिसमसला त्यांनी बोलावलं. त्या दिवशी आम्ही दीड तास हवामानावर बोललो. जानेवारीत मी त्यांच्या फाटकापर्यंत गेले, कडी हातात धरली आणि परत आले. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती एक माहिती होती, नळासारखी. तीन महिने त्यांचा चहा पिऊन झाल्यावर सांगणं म्हणजे मी तीन महिने काय करत होते हेही सांगणं आलं. दिवसागणिक ते अवघडच होत गेलं.

मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी मागून इंजिनाचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर कोपऱ्यात छोटा जेसीबी. डॅमसन आडवं पडलेलं, आणि ते लोखंडी दात माती उचलून ट्रकमध्ये ओतत होते. एक ओंजळ नाही, दोन नाही. ओरडायला हवं होतं. धावत जाऊन त्या दातांपुढे उभं राहायला हवं होतं. मी काय केलं माहीत आहे? मी चहा केला. कप घेऊन कुंपणापाशी गेले आणि त्या ड्रायव्हरला विचारलं, साखर किती? "दोन," तो म्हणाला. मी म्हटलं, "काम करायला हवा बरी आहे आज." तो हो म्हणाला. बिस्किटंही दिली.

दुपारी ट्रक गेला. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

डेस्मंडचं दर ख्रिसमसला कार्ड यायचं. खाली नेहमी एकच ओळ, 'झाड कसं आहे?' पहिल्या वर्षी झाड होतं, तेव्हा मी खरं लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी पेन हातात घेऊन बसले, बसले, आणि काहीच लिहिता येईना. मग मी एक बरणी पाठवली. डॅमसनच्या जॅमची. वर मेरिएल लावायची तसा निळ्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा, दोऱ्यानं बांधलेला. त्यासोबत एक शब्द लिहिला नाही, म्हणजे मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला समजावलं. त्याचं उत्तर आलं, 'रोज सकाळी एक चमचा. तिचा आहे असंच वाटतं.' त्यानंतर दर वर्षी बरणी. तीन बरण्या झाल्या.

म्हणून त्या सोमवारी मी कप घासत होते.

शनिवारी मी टॅमसिनकडे गेले. या खेपेला सांगायचंच, तेही उभ्या उभ्या. तिनं दार उघडलं, चहाबरोबरच्या छोट्या गोड पावांचं पीठ हाताला चिकटलेलं. "बरं झालं आलात! स्कोन किती लागतील हो? ऐंशी पुरतील?" मी म्हटलं, शंभर कर. आणि घरी आले.

रविवारी ऊन पडलं. रस्त्याला पताका, चर्चच्या दारात बँड, रॉय शेतात गाड्या लावून घेताना सैन्यातली जुनी शिस्त बाहेर काढत होता. अडीचला बस आली. काठ्या, टोप्या, एक चाकाची खुर्ची, आणि सर्वांत शेवटी डेस्मंड. सुकला होता. कोट मात्र तोच, मेरिएलला झाडाखाली ठेवलं त्या दिवशी घातलेला.

"काय गं डॉरीन, अजून आहेस?"

"तुझ्या आधी जाऊन तुला तो आनंद देणार नाही."

तो हसला. पाच पौंडांची नोट टेबलावर ठेवली. मी परत सरकवली.

"ठेव की," तो म्हणाला. "पाहुणा आहे मी. सकाळी एका गाइड पोरीनं आम्हाला पाणचक्की दाखवली. १९७८ साली त्या चाकाच्या चार फळ्या मी बसवल्यात. मी आपलं ऐकून घेतलं. तिनं पाठ केलं होतं बिचारीनं."

मी त्याला माहितीपत्रक दिलं आणि बोलत सुटले. एक नंबरचे गुलाब यंदा बघायलाच हवेत. तीन नंबरकडे तळ्यात मासे सोडलेत. आणि मठात आज कुणीतरी बासरी वाजवणार आहे, बसवाल्याला सांगितलं तर तो सोडेल पुन्हा. आगगाडीची साडेतीनची फेरी तर अजून मिळेल.

"मठ मी पन्नास वर्षं बघतोय. तो पडलेलाच आहे."

"सात नंबरला पायऱ्या आहेत, डेस्मंड. तुझे गुडघे..."

"त्या पायऱ्या मीच बांधल्यात," तो म्हणाला. "चल ना बरोबर. टेबल कुणी पळवत नाही."

टेबल मी पाद्रीणबाईंच्या हवाली केलं. आम्ही गल्लीतून निघालो. तो दर पाच पावलांनी थांबत होता, आणि प्रत्येक थांब्यावर मी ठरवत होते, आता. विहिरीपाशी तो भिंतीला टेकला.

"तुला सांगायचं होतं," तोच म्हणाला. "डॉक्टरांनी वर्षअखेर म्हटलंय. तोंड पाडू नकोस, चौऱ्याऐंशी झाली, रांगेत पुढं घुसल्याची तक्रार कुणी करणार नाही. ग्वेनला सांगून ठेवलंय, मला डॉरीनकडे पोचव. तू एखाद्या सकाळी ते कामावर गेले की आपलं खुरपं घेऊन जा. आधी त्यांना विचार मात्र. चांगले लोक आहेत म्हणालीस ना?"

"चांगले आहेत."

"मग झालं तर."

आता, आता, असं माझ्या डोक्यात घण पडत होते. "डेस्मंड," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासानं माझ्याकडे रॉयनंही कधी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "थोडं पाणी पितोस?"

सात नंबरच्या फाटकावर फुगे होते. टॅमसिन धावत आली. डेस्मंडला ती ओळखत नव्हती. घराचा सगळा व्यवहार ग्वेननं आणि वकिलानं केला होता. तिनं त्याचा हात धरला. "या, या. सावकाश. डॉरीन, तुम्ही पण आलात! चला, आधी मागचं दाखवते, त्याचाच आम्हाला अभिमान आहे."

मी तिला अडवलं नाही. घर ओलांडून आम्ही मागे वळलो.

कोपऱ्यात फरसबंदी अंगण. पिवळसर दगड, मधे शेकोटीची गोल जागा, भोवती खुर्च्या, त्यांत बसमधल्या दोन बायका केक खात होत्या. डेस्मंड थांबला. त्याची नजर आधी कुंपणाकडे गेली, मग आमच्या घराच्या धुराड्याकडे, मग पुन्हा दगडांकडे. आपण जागा चुकलो की काय ते तो मोजून पाहत होता. चुकला नव्हता.

"इथं एक झाड होतं ना?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा.

"हो, एक जुनं झाड होतं! तुम्हाला कसं माहीत? आधी आला होतात वाटतं." टॅमसिन खूश झाली. "काढायला मन होत नव्हतं खरं तर. ह्यू म्हणाला, आधी विचारू या, कुणाचं काही असलं तर. म्हणून डॉरीनला विचारलं. कुंपणावरूनच विचारलं, आठवतंय ना, डॉरीन? या झाडाचं काही विशेष आहे का? त्या म्हणाल्या, छे, म्हातारं झालंय, फळही धड देत नाही. मग काढलं."

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

तिनं विचारलं होतं. त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी, अगदी सरळ, माझ्या तोंडावर. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी चार महिने पाठ केलं होतं. आणि मी म्हटलं, छे. एका बाईपुढं अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी माझ्या मैत्रिणीला ट्रकमध्ये घालून पाठवलं.

बागेत सगळं चालूच होतं. कपबशा वाजत होत्या, बँडचा आवाज येत होता. मी डेस्मंडकडे बघू शकले नाही, त्याच्या बुटांकडे बघत राहिले. त्याचे बूट दगडांच्या अगदी कडेला थांबले होते. त्यानं दगडावर पाय ठेवला नाही.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "म्हातारं झालं होतं."

"बसा ना तुम्ही," टॅमसिन म्हणाली. "चहा आणते. स्कोन घेणार?"

"दगड छान आहे," डेस्मंड म्हणाला. "इथलाच का?"

"हो, लडलोच्या पलीकडच्या खाणीतला."

"छान बसवलाय. पाणी नीट वाहून जाईल." तिनं खुर्ची त्याच्यासाठी दगडावरून उचलून गवतात, सावलीत आणली. उन्हात त्रास होईल म्हणून, इतकी गुणी पोर. तो बसला. तिनं आणलेला चहा त्यानं पूर्ण प्यायला. मग तिला म्हणाला, "फार सुंदर बाग आहे तुमची. मनापासून सांगतो." आणि उठला.

परतताना तो कुठंच थांबला नाही. गुडघे कसे चालत होते देव जाणे. विहीर गेली, गल्ली गेली. मी मागून चालत होते आणि माझं तोंड सुटलं होतं, आता नको तेव्हा. मी म्हटलं, मी सांगणार होते. मी म्हटलं, तीनदा गेले होते. मी म्हटलं, मला माफ कर, डेस्मंड, मी काय बोलू, मला माफ कर. मी रस्त्यात रडत होते, पताकांखाली, बँडसमोर. एका पाहुण्यानं आपल्या मुलाला दुसरीकडे वळवलं.

टेबलापाशी आल्यावर डेस्मंड थांबला.

"तो जॅम," तो म्हणाला. "कुठला होता गं?"

लपवायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. "मठामागच्या कुंपणातला."

"हं," तो म्हणाला. "चांगलं झाड असणार."

टेबलावर पाहुण्यांची वही असते. गावातले तीत लिहीत नाहीत, ती बाहेरच्यांसाठी. नाव, कुठून आलात, अभिप्राय. डेस्मंडनं पेन उचललं, चष्मा लावला आणि वाकून लिहिलं. मग टोपीला हात लावून निरोप घेतला. माझा नाही, टेबलाचा असावा. "छान दिवस गेला. आभारी आहे," असं तो म्हणाला, सगळे पाहुणे म्हणतात तसं, आणि बसमध्ये चढला. पलीकडच्या खिडकीशी बसला.

बस गेल्यावर मी वही पाहिली. डेस्मंड प्रॉथरो. वुल्व्हरहॅम्प्टन. सुंदर गाव.

त्या संध्याकाळी मी रॉयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस, बाई. मी त्या जेसीबीखाली झोपलो असतो." आणि गॅरेजमध्ये गेला.

मी डेस्मंडला चार पत्रं लिहिली. चारही टाकली, पोस्टाच्या पेटीत, कचऱ्यात नाही. उत्तर आलं नाही. त्याच्या खोलीतला फोन ग्वेन घ्यायची आणि म्हणायची, बाबा झोपलेत. डिसेंबरच्या मध्यावर तिचं कार्ड आलं. बाबा तीन तारखेला गेले, शांतपणे. त्यांची राख इथल्याच दाहभूमीच्या गुलाबबागेत पसरली. 'हेझलफर्डला आणायचं मी विचारलं होतं, पण शेवटी शेवटी ते म्हणाले, तिथं आता काही नाही, डॉरीनला उगाच त्रास देऊ नकोस. आईला त्यांच्याबरोबर आणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते म्हणाले, ते झाड हलवायचं नाही.'

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. त्यानं मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. ग्वेनच्या हिशेबी तिची आई अजून झाडाखाली आहे. आणि हे त्यानं माझ्यासाठी केलं की ग्वेनसाठी, हे आता मला कोण सांगणार? तो एकीकडे, ती कुठल्याशा भरावात, आणि मधे मी, खुरपं घेऊन.

या वर्षीचं माहितीपत्रक लिहायला मी एप्रिलमध्ये बसले. पाणचक्की, मठ, आगगाडी, धबधबा. मग बागा. सहा नंबरपर्यंत नेहमीसारखं झालं. सातपाशी लिहिलं, 'दगडी अंगण, शेकोटी, चहा आणि स्कोन.' ते खोडलं. खाली लिहिलं, 'मागच्या कोपऱ्यात डॅमसनचं झाड होतं. त्याखाली मेरिएल प्रॉथरो होती. झाडाबद्दल विचारलं होतं, आणि सांगणारीनं सांगितलं नाही.' असलं काही छापत नाहीत, मला कळतं. छापायला लिहिलंच नव्हतं.

कागद घेऊन मी गल्लीतून गेले आणि सात नंबरची कडी काढली. टॅमसिननं दार उघडलं. तिनं कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि तिनं मागे वळून, घराच्या आरपार, बागेच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"डॉरीन," ती म्हणाली, "या आत. बसा. मी चहा ठेवते."

"चहा नको," मी म्हटलं, आणि सांगायला लागले.